विद्या कशासाठी? पालीच्या तलावापासून नागसेनवनापर्यंत

बीड सोडून सोलापूर रस्त्याने मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरेच्या तलावालगत पाली हे गाव लागते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते तिकडे गेलो होतो. बेत मोठा नव्हता. गावातल्या आणि आसपासच्या तरुणांशी बसून बोलायचे, जयंती झाल्यावर वर्षभर काय करता ते विचारायचे, एवढेच. तलावाच्या काठावर संध्याकाळी दहा-बारा पोरे जमली. त्यातल्या एकाने, सहा वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करून परत आलेल्या पोराने, आम्हाला एक प्रश्न विचारला. "दादा, सहा वर्षं अभ्यासिकेत काढली. पोस्ट निघाली नाही. मायबाप अजून कोयता घेऊन कारखान्यावर जातेत. बाबासाहेब म्हणले शिका, आम्ही शिकलो. आता ह्या शिकण्याचं करायचं काय? अन् जगायचं तरी कशासाठी?"

आम्ही त्याला काय सांगितले? "हिंमत हरू नको." चळवळीत इतकी वर्षे घालवलेल्या माणसांकडे याहून बरे उत्तर नव्हते याची लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. आणि तो एकटा नाही. बीड, परभणी, जालना, नांदेड, कुठल्याही अभ्यासिकेत जा, तिथे त्याची भावंडे बसलेली दिसतील.

आधी एक गोष्ट साफ करू. नोकरी क्षुल्लक आहे, ज्ञान मोठे आहे, असले प्रवचन आम्ही देणार नाही. ते भरल्या पोटाचे बोलणे आहे. ज्यांच्या घरात चार पिढ्या पगार येतो ते "ज्ञानासाठी ज्ञान" म्हणू शकतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ज्यांचे कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात जाते, त्यांच्यासाठी एक सरकारी नोकरी म्हणजे अख्ख्या खानदानाची सुटका असते. बाबासाहेबांनी नोकऱ्यांतल्या राखीव जागांसाठी उगाच रक्त आटवले नाही. प्रश्न नोकरी मागण्याचा नाहीच. नोकरी मिळाली नाही म्हणून शिकणे वाया गेले, आणि शिकणे वाया गेले म्हणून जगणे वाया गेले, हे गणित कोणी शिकवले, हा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी ते शिकवले नाही. मराठवाड्याच्या इतिहासातही ते कुठे सापडत नाही.

त्या दिवशी गावाच्या नावावरूनही गप्पा झाल्या. पाली हे गावाचे नाव आणि पाली ही बुद्धवचनाची भाषा, यांचा काही संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. असल्या नावांवरून इतिहास रचायची खोड आपल्या लोकांनाही लागली आहे, ती बरी नव्हे. पण नावाने आठवण करून दिली ती दिली. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली, त्यांनी पुढे पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशाचे काम स्वतः केले. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापले आहे. या कामाने त्यांना कोणती पोस्ट मिळणार होती? आणि याच पाली भाषेतल्या एका ग्रंथातून त्यांनी मराठवाड्यातल्या आपल्या महाविद्यालयाचे नाव उचलले.

आता त्या महाविद्यालयाकडे येऊ.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची अवस्था काय होती? उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेत निघाले, पण माध्यम उर्दू. बीडच्या, परभणीच्या मराठी पोराला पदवीपर्यंत जायचे तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेही ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याने. अस्पृश्याच्या पोराची तर गोष्टच सोडा. त्याच्यावर दोन राज्ये होती, एक निजामाचे आणि दुसरे गावच्या पाटलाचे, आणि यातले दुसरे १९४८ नंतरही संपले नाही. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये उभे करणाऱ्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुढचे महाविद्यालय कुठे काढावे? पुण्यात, नागपुरात काढता आले असते. बाबासाहेबांनी औरंगाबाद निवडले, देशातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलखांपैकी एक. जून १९५० मध्ये वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

पुढे या महाविद्यालयाला नाव दिले ते 'मिलिंद', आणि परिसर झाला 'नागसेनवन'. कुठल्या शेठजीचे नाव नाही, संस्थानिकाचे नाही, मंत्र्याचे नाही, स्वतःचेही नाही. आज आमचे पुढारी अंगणवाडीच्या कमानीवर आईवडिलांची नावे कोरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल, आजचे सियालकोट मानतात ते. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. राजाला वादाची खुमखुमी होती. भल्याभल्यांना त्याने गप्प केले होते. नागसेन भेटल्यावर राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा कर. नागसेन आधी अट घालतो. विद्वानांसारखी चर्चा करणार असशील तर करतो, राजांसारखी करणार असशील तर नाही. फरक काय, असे राजा विचारतो. नागसेनाच्या म्हणण्याचा आशय असा की विद्वानांच्या चर्चेत एकाची बाजू उलगडून दाखवली जाते, त्याची चूक पदरात घातली जाते, तो ती मान्य करतो आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक बाजू धरतात आणि ती न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद म्हणतो, ठीक, विद्वानांसारखी करू.

मित्रांनो, हे नीट बघा. एका बाजूला सत्ता आहे, सैन्य आहे. दुसऱ्या बाजूला चीवर नेसलेला, भिक्षापात्र घेतलेला माणूस. आणि अट घालतो भिक्षापात्रवाला. त्या अटीखाली राजा आणि भिक्खू एका पातळीवर येतात. हजारो वर्षे ज्यांना प्रश्न विचारण्याची बंदी होती, विचारला तर जीभ छाटण्याची भाषा ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या पोरांच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे. चूक कळली की ती मान्य करणारा राजा आणि सत्तेपुढे न दबणारा भिक्षू, विद्येची ही दोन रूपे विद्यार्थ्याच्या रोज डोळ्यापुढे राहिली. आमच्या मते मराठवाड्यातल्या शिक्षणाच्या इतिहासात याहून नेमके नामकरण झाले नाही.

नुसते नाव देऊन ते थांबले नाहीत. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखा माणूस तिथे बसवला. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, दलितांच्या दुःखाचा इतिहास रंगमंचावर आणला. त्याच मिलिंदच्या वातावरणात गंगाधर पानतावणे घडले, तिथे शिकवले, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'अस्मितादर्श' सुरू केले. दलित साहित्याच्या कित्येक लेखकांचे पहिले अक्षर त्या नियतकालिकात छापले गेले. वसतिगृहात अर्धपोटी राहणाऱ्या पोरांनी आधी स्वतःला प्रश्न विचारले, मग गावाला, मग धर्माला, मग मराठी साहित्याला. यातल्या बहुतेकांना नोकऱ्याही मिळाल्या, हे खरे आहे. पण नोकरी मिळण्याच्या आधीच त्यांचे जगणे बदलले होते.

इथे एका जुन्या वादाला हात घालतो. आपण घोषणा देतो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेपासून जे ब्रीद चालत आले ते इंग्रजीत होते, एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. यात मधला शब्द संघटनेच्या आधी येतो. मराठी करताना क्रम बदलला आणि अर्थही थोडा सरकला. ॲजिटेट म्हणजे फक्त मोर्चा नव्हे, त्याआधी मन ढवळून निघणे. शिकल्यावर लगेच संघटना नाही, आधी अस्वस्थ व्हा. आमच्या वाचकांपैकी काहींना हा शब्दच्छल वाटेल. पण पालीच्या त्या पोराकडे बघा. तो शिकला, त्याची संघटनाही आहे, जयंतीला वर्गणी गोळा करतो. त्याचे मन मात्र कोणी ढवळले नाही. सहा वर्षांत त्याने हजारो प्रश्न सोडवले, सगळे दुसऱ्याने काढलेले, चार पर्यायांचे. स्वतःचा पहिला प्रश्न त्याने त्या संध्याकाळी आम्हाला विचारला.

ज्ञानाची सुरुवात अशाच प्रश्नाने होते, हेही आपल्याच इतिहासात आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली मुलगी. तिने विचारले, वेद ब्राह्मणांचे, ते आम्ही बघायचेही नाहीत, तर मग आमचे धर्मपुस्तक कोणते? आणि पुस्तकच नसेल तर आमचा धर्म कोणता? काही वर्षांचे शिक्षण आणि एवढा मोठा प्रश्न! तिला कोणती पदवी मिळाली? कोणतीच नाही. पण पावणेदोनशे वर्षे होत आली, तो प्रश्न अजून टोचतो.

आता मराठवाड्याकडे परत येऊ, कारण ज्ञान आणि जगण्याचा अर्थ यांचा सगळ्यात कठीण धडा इथे गिरवला गेला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना हाल करून मारले. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. वर्षे गेली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षे.

प्रस्थापितांनी तेव्हा टोमणा मारला होता, आजही मारतात, की पोटाला भाकर नाही आणि विद्यापीठाचे नाव काय करायचे? वरवर पाहता प्रश्न बरोबर वाटतो. जे लोक या लढ्यात रस्त्यावर उतरले त्यातले बहुसंख्य शेतमजूर होते. त्यांनी विद्यापीठाचे प्रवेशद्वार पाहिले नव्हते. कित्येकांना सही येत नव्हती. घर जळाले, धान्य जळाले, गावाने वाळीत टाकले, काम बंद केले, तरी माघार घेतली नाही. का? नोकरी हाच विद्येचा अर्थ असता तर या माणसांचा त्या विद्यापीठाशी संबंधच उरत नव्हता. त्यांना तिथे नोकरी लागणार नव्हती, पदवी मिळणार नव्हती. तरी त्यांना कळले होते की ज्ञानाच्या दारावर बापाचे नाव लागणे म्हणजे ते दार आपलेही आहे याची नोंद होणे. अंगठा लावणाऱ्या माणसाला हे कळले, आणि पदव्युत्तर शिकलेल्या आम्हाला ते समजावून सांगावे लागते.

जाळणाऱ्यांनाही ते कळले होते, हेही विसरू नका. शिकलेला दलित गावात ताठ चालतो, चावडीवर कागद वाचून दाखव म्हणतो, बापाला पाटलाच्या वाड्यावर फुकट राबायला जाऊ देत नाही. राग त्या ताठ मानेवर होता. नाव हे निमित्त.

मग चुकले कुठे? याचेही उत्तर बाबासाहेबांनीच दिले आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्यांबद्दलची व्यथा बोलून दाखवली. शिकलेली माणसे समाजासाठी काही करतील अशी आशा होती, पण ती स्वतःचे पोट भरण्यात गुंतली, असा त्यांचा रोख होता. हे भाषण आपण दरवर्षी व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतो आणि ते दुसऱ्याबद्दल आहे असे समजतो. त्यातली खरी गोम अशी आहे की ज्याला नोकरी मिळाली त्याने समाज सोडला, आणि ज्याला मिळाली नाही त्याने स्वतःला सोडले. दोघांचाही समज एकच, की विद्या ही नोकरीच्या दारापर्यंत नेणारी गाडी. दार उघडो न उघडो, गाडीचे काम संपले.

याच्या उलट चाललेला माणूस बीडने पाहिला आहे. एकनाथ आवाड. माजलगाव भागातल्या दुकडेगावचे, मातंग समाजातले, वडील पोतराज. देवीच्या नावाने अंगावर आसूड ओढून घेत भीक मागणाऱ्याचा मुलगा शिकला, आणि शिकल्यावर त्याने बापाच्या जटा कापल्या. ज्यांनी ग्रामीण भागात दिवस काढलेत त्यांनाच कळेल, हे किती अवघड आहे. पोतराजाच्या जटा म्हणजे घरची कमाई, भावकीचा मान आणि देवीचा कोप, सगळे एका कात्रीखाली! आवाड पुढे नामांतराच्या लढ्यात उतरले, विवेक पंडितांच्या विधायक संसदेबरोबर वेठबिगारांच्या मुक्तीचे काम केले, आणि मग बीडमध्ये येऊन मानवी हक्क अभियान उभे केले. २००६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. २०१५ मध्ये ते गेले. 'जग बदल घालुनी घाव' हे त्यांचे आत्मकथन ज्या पोराने वाचले नाही त्याने आधी ते वाचावे, मग चालू घडामोडींचे मासिक उघडावे.

आम्हाला इथे त्यांच्या गायरानाच्या लढ्याबद्दल सांगायचे आहे, कारण विद्या म्हणजे काय याचा तो बीडमधला उघड पुरावा आहे. भूमिहीनांना पडीक जमीन द्या हा लढा दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये पेटवला होता. मराठवाड्यात दलितांनी गावोगावच्या गायरानावर नांगर धरला. पण नांगर धरून भागत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करता येतील. मग पुरावा काय? तलाठ्याकडचा गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. दंड भरल्याची पावती. पंचनामा. ज्या अतिक्रमणाबद्दल बापाला दंड झाला होता, तीच दंडाची पावती आता मुलाच्या हक्काचा कागद! पण हे कळायला कोणीतरी तो शासन निर्णय वाचलेला हवा, पावती पत्र्याच्या पेटीतून शोधून काढायला सांगणारा हवा, आणि तहसीलमध्ये साहेबाच्या डोळ्यात बघून "नोंदवही दाखवा" म्हणणारा हवा. अभियानाच्या कार्यकर्त्यांनी हे केले. मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. कित्येकांनी आयुष्य त्यात घातले आणि त्यांना कोणी विचारले नाही की तुमच्या जगण्याला अर्थ काय. त्यांना स्वतःलाही तो प्रश्न पडल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

बाबासाहेबांच्या धम्मात प्रज्ञा एकटी येत नाही. प्रज्ञेबरोबर शील, करुणा आणि मैत्री येते. नुसती विद्या असलेला माणूस धोकादायक असू शकतो, हे त्यांनी वारंवार सांगितले. एक-ईची नोंद ज्याला वाचता येते तो भूमिहीनाची जमीन वाचवूही शकतो आणि गिळूही शकतो. आमच्या जिल्ह्यात दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

आता थोडे स्वतःबद्दल. ही पोरे अशी एकटी पडली त्यात आमचा वाटा आहे. आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या पदव्या पाठ करायला लावल्या. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन. परदेशातले शिक्षण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्धवट टाकून परत यावे लागले, बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, नोकरी सोडावी लागली, हे सांगितले तरी घाईने सांगितले, जणू मधला अडथळा. खरे तर पालीच्या पोराला त्या १९१७ च्या बाबासाहेबांची ओळख हवी होती. पदवी आहे, नोकरी गेली आहे, राहायला जागा नाही, आणि पुढे काय ते माहीत नाही असा सव्वीस वर्षांचा माणूस. त्या माणसाने तेव्हा स्वतःला नापास ठरवले असते तर? आम्ही पोरांना पुतळा दाखवला, माणूस दाखवला नाही. जयंतीच्या डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्शात गावात बाबासाहेबांचे सगळे खंड येतात. हे आम्ही भाषणात म्हणतो आणि डीजेच्या वर्गणीची पावतीही फाडतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही परत पालीला गेलो. तो पोरगा भेटला. यावेळी आम्ही हिंमतीचे बोललो नाही. मिलिंद आणि नागसेनाची गोष्ट सांगितली, आवाडांची सांगितली. तो ऐकत राहिला. फार काही पटल्यासारखे दिसले नाही. उलट म्हणाला, "गोष्टीनं काय होतंय?" मग जरा वेळाने विचारले, एक-ईची नोंदवही कुणालाही बघायला मिळते का? त्याच्या मावशीचे कुटुंब पंचेचाळीस वर्षांपासून गायरान कसते आहे, नोटीस आली आहे, आणि घरात कोणाला ती नीट वाचता येत नाही. आम्ही म्हणालो, माहितीच्या अधिकारात नक्कल मागता येते, अर्ज कसा लिहायचा ते बसून बघू. तो म्हणाला, अर्ज मी लिहितो, तुम्ही फक्त तपासा. सहा वर्षांत त्याने राज्यघटनेची कलमे तोंडपाठ केली होती. त्या संध्याकाळी तलावाच्या काठावर, मोबाईलच्या उजेडात, त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. विषयाच्या ओळीत एक शुद्धलेखनाची चूक होती. ती आम्ही दाखवली, त्याने खोडली आणि पुढे लिहू लागला.

जयभीम.